पुढच्या सीटवर बसा

खोली भाड्यानं देण्याआधी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. "सायकल आहे का?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "आहे. बाहेर लावलीय."

ते दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे माझ्या सायकलकडं बघत उभे राहिले. सायकल स्टँडवर होती, पण हँडल एका अंगाला वळलेलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते सरळ केलं, थोडं मागं सरकून मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "आता कशी दिसती बघा. जावा, सामान घिऊन या."

मी तेव्हा ढोकीच्या साखर कारखान्यात, ऊस विभागात, नवा कारकून म्हणून लागलो होतो. कारखान्यामुळं गावात हळूहळू हॉटेलं, शिंप्याची दुकानं, ट्रॅक्टर दुरुस्तीवाले आले होते. त्यातच स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर यांचा फोटो स्टुडिओ. मागं दोन खोल्या; एकीत ते, एकीत मी. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. दुकानाच्या पाटीवरसुद्धा त्यांचं नाव नव्हतं. वर एका स्कूटरचं चित्र आणि खाली नुसतं 'फोटो' एवढंच रंगवलेलं.

ती स्कूटर खरोखरीच आत होती.

पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला स्टुडिओतल्या बाकीच्या गोष्टी दिसल्याच नाहीत. पडदा, तिपाईवरचा कॅमेरा, दिव्यांवरच्या छत्र्या, आरसा, काहीच नाही. खोलीच्या मधोमध, मधल्या स्टँडवर, ती उभी होती. सायीच्या रंगाची, बाजूच्या दोन्ही फुगीर डिक्क्या कोवळ्या कैरीच्या रंगाच्या. पुढचा पत्रा पायांसमोरून वर चढत जाऊन हँडलाला मिळायचा आणि मागचा भाग असा निमुळता होत गेलेला, की उभी असूनही ती कुठूनतरी आत्ताच येऊन थांबलीय असं वाटावं. पुढं मागं दोन वेगवेगळ्या खोगिरासारख्या सीटा. पुढच्या पत्र्यावर पूर्वी कंपनीचं नाव असावं. आता नुसती स्क्रूची भोकं उरली होती. इटलीची आहे, एवढंच उस्ताद सांगायचे.

ढोकीत ती आली कशी, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी उत्तर वेगळं मिळालं. एकदा म्हणाले, हैदराबादला ज्या स्टुडिओत ते कामाला होते, तिथल्या मालकानं निघताना दिली. एकदा म्हणाले, एका नवाबाच्या जावयाची. एकदा तर म्हणाले, "म्या घेतली न्हाय. तीच आली माझ्या मागं." मी हसलो, पण ते हसले नाहीत.

उस्ताद दिसायला अगदी साधे. काळेसावळे, बारके, गालफडं बसलेली. पण कपडे! पांढरा शर्ट, करकरीत इस्त्री, बाह्या कोपराच्या वर अगदी सारख्या दुमडलेल्या. इस्त्री ते स्वतः करायचे आणि करताना कुणाशी बोलायचे नाहीत. जेवणखाण कसंही चालायचं. भाकरी आणि कांदा असला तरी तक्रार नाही. पण भाकरी एका बाजूला जाड झाली तर ताटाकडं बघून उसासा टाकायचे.

त्यांचा एक आवडता शब्द होता, 'कट'. जगातल्या सगळ्या गोष्टी ते कटावर तोलायचे. बैलाच्या शिंगांना कट असायचा, टोपीला असायचा, माणसाच्या चालण्याला असायचा. कारखान्याच्या धुराड्याला त्यांच्या मते कटच नव्हता. "एवढं उंच बांधलं, पण मान कशी ठेवावी ते कळलं न्हाय त्याला," म्हणायचे. पुढारी भाषणाला आले, की सगळे भाषण ऐकायचे आणि उस्ताद जाकिटाची शिवण बघायचे. आणि संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मऊ फडक्यानं स्कूटर पुसता पुसता, तिच्या मागच्या वळणावरून हात फिरवत, स्वतःशीच म्हणायचे, "क्या कट है!"

मी एकदा म्हणालो, "उस्ताद, गाडी जाण्यायेण्यासाठी असते. तुम्ही ती चालवतच नाही."

"हे रस्ते बघितलं का? बैलगाडीचे रस्ते हैत. तिला लाज वाटंल."

गावाची समजूत अशी होती, की गाडीत इंजिनच नाही, नुसता सांगाडा आहे. मला मात्र माहीत होतं. आठवड्यातून एकदा सकाळी ते तिला मागच्या अंगणात न्यायचे, एका बाजूला चांगली कलती करायचे, मग सरळ करून किक मारायचे. निळसर धूर निघायचा. थोडा वेळ डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. झालं. गाडी पुन्हा आत.

ऊस गेला, बिलं निघाली, की स्टुडिओपुढं लोक दाटायचे. तेव्हा आमच्याकडं खऱ्या स्कूटरी कुणाकडं होत्या? कारखान्याच्या एखाददुसऱ्या साहेबाकडं. नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून बेंबळीपासून येरमाळ्यापर्यंतची माणसं उस्तादांच्या स्कूटरवर बसायला यायची. ऊसतोडीवाले यायचे, गुरुजी यायचे, नवी नवरानवरी यायची. ज्याला कोट नाही त्याला उस्ताद खुंटीवरचा आपला राखाडी कोट द्यायचे. तो कोट मागून चिमट्यांनी आवळला, की कुणालाही बसायचा.

नियम एकच. मागच्या सीटवर बसून फोटो निघणार नाही.

जोडपी आली, की हटकून वाद व्हायचा. नवरा पुढं बसायचा, बायको मागं चढायला जायची आणि उस्ताद कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढायचे. "नक्को. उतरा. एकेकानं, पुढं."

"अवो, पर जोडीचा पायजे," नवरा म्हणायचा.

"तुमचा एक काढतो, बाईंचा एक काढतो. दोन्ही एकाच फ्रेमीत लावा. झाली जोडी."

"बाईमाणूस हँडल धरून बसंल व्हय?"

"मग काय हँडलाला शेपूट हाय का, ती धरून बसंल?"

बाया लाजायच्या, पदर तोंडाशी धरून हसायच्या, आणि एकदा बसल्या, की त्यांचं तोंडच बदलायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लुगडं नेसूनही त्या गाडीवर नीट बसता यायचं. मधे मोकळी जागा होती ना, टांग टाकावी लागायची नाही. उस्ताद त्यांच्या पाठीला हात न लावता, लांबूनच, बोटानं सांगायचे, "पाठ. पाठ सरळ. हां. आता हनुवटी. आता हलू नका."

हा नियम का, असं विचारलं, तर त्याचीही उत्तरं बदलती. "मागं माणूस बसलं, की गाडीची लाईन मोडती," हे नेहमीचं. मला ते खरं वाटायचं, कारण कटासाठी गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढं काळ बदलला. ऐंशीनंतर नव्या स्कूटरी भराभर दिसू लागल्या, फटफट्या आल्या, पोरं स्वतःच्या गाडीवर बसून फोटो काढायला लागली. उस्ताद दारात उभं राहून जाणाऱ्या येणाऱ्या नव्या गाड्या बघायचे आणि म्हणायचे, "गाडी न्हाय, डालड्याचा डबा हाय." त्याच सुमारास पुण्याहून एक शौकीन गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवायचे. स्कूटर पाहून ते इतके खूश झाले, की गुडघ्यावर बसून तिच्या खालून बघू लागले. उस्तादांना ते आवडलं. त्यांनी चहा मागवला.

"नेऊन काय करणार?" त्यांनी विचारलं.

"हॉलमधे ठेवणार. काचेच्या आड."

"लोकं बसतील का तिच्यावर?"

"छे! हात लावू देणार नाही कुणाला."

"मग नक्को," उस्ताद म्हणाले. "चहा घ्या."

ती स्कूटर शेवटी त्यांनी एका जत्रेतल्या फोटोवाल्याला देऊन टाकली. छातीच्या दुखण्यानं त्यांना उभं राहवेना तेव्हा. सोनारीला काळभैरवाच्या यात्रेत मी ती एकदा पाहिली. तंबूत, लालभडक रंगवलेली, आणि समोर माणसांची रांग. उस्ताद तेव्हा गेलेले होते. तो लाल रंग त्यांना मुळीच आवडला नसता.

पण त्यांची आठवण आली, की मला ते बहात्तरच्या दुष्काळातले दिसतात.

त्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला तो गेलाच. विहिरी खडखडीत, ऊस जागेवर वाळला, गुरं कवडीमोलानं गेली. माणसं रस्त्याच्या कामांवर खडी फोडायला जायची आणि सरकारकडून मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढायची. फोटोला कोण येणार? उस्ताद रोज दुकान उघडायचे, कोरड्या फडक्यानं स्कूटर पुसायचे आणि बसून राहायचे. हेडलाइटच्या कडेवर तोंडाची वाफ सोडून पुसायचे, पाण्याचा थेंब वापरायचे नाहीत.

एका सकाळी तिघेजण दुकानात शिरले. पुढचा पागोटंवाला, पन्नाशीचा, बेंबळीचा शेतकरी. त्याच्या हातात एक फोटो होता. मी कामावर निघालो होतो, आवाज ऐकून थांबलो.

"ही गाडी कुणाची?" त्यानं फोटो पुढं करून विचारलं.

उस्तादांनी बघितलं. फोटोत नामदेव होता, आमच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला असलेला पोरगा. अंगात राखाडी कोट, हातात हँडल.

"माझी," उस्ताद म्हणाले.

"मग ह्या पोराच्या बुडाखाली कशी आली?"

मग सगळं बाहेर आलं. नामदेवाच्या घरच्यांनी हा फोटो बेंबळीला पाठवला होता. तो बघून मुलीकडच्यांनी होकार दिला, सुपारी फुटली. आज मुलीचा बाप घर बघायला म्हणून आला, तर घरात ना गाडी ना कोट. शेजाऱ्यानं हसत स्टुडिओचा पत्ता सांगितला.

"दुष्काळात पोरगी उजवायला निघालो म्या," बाप म्हणाला. "म्हणलं, गाडीवाला हाय, पोरगी उपाशी मरायची न्हाय. आन् हितं ह्यो बाजार! किती जणांच्या पोरी फसवल्या रं तू?"

उस्ताद काही बोलायच्या आत त्याच्याबरोबरच्या एकानं हातातली काठी उचलली आणि स्कूटरच्या डिक्कीवर घातली. धाडकन आवाज झाला. पत्र्याला मोठा पोचा पडला.

मला वाटलं आता मारामारी होणार. उस्ताद पोच्यापाशी उकिडवे बसले. त्यावर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून बापाला म्हणाले, "मोडणार हाय का लग्न?"

"मोडणार न्हाय तर काय!"

"पोरीला इचारलं का?"

"आता तिला काय इचारायचं?"

"फोटो तिनं बघितला, फसवलं तिला. मग जाब पण तिलाच द्यायला पायजे. तुमी नामदेवाला घिऊन येष्टीनं जावा. म्या येतो मागनं." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी चला. शिकलेला माणूस असला, की लोकं ऐकून घेत्यात."

त्यांनी स्कूटर रस्त्यावर काढली. आख्खा बाजार गोळा झाला. त्यांनी तिला कलती केली, सरळ केली, किक मारली, आणि ती चालू झाली तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी बिचकत उभा राहिलो. "बसा मागं," ते म्हणाले. "आज फोटो न्हाय काढायचा."

ढोकीहून धाराशिव आणि तिथून बेंबळी. खड्डा आला, की उस्तादांच्या पाठीचा कणा कसा आखडायचा ते मला मागून दिसायचं, जणू चाक नव्हे, ते स्वतःच त्या खड्ड्यात आदळले होते. दोन्ही बाजूंना करपलेली रानं. बाभळीसुद्धा राखेच्या रंगाच्या झालेल्या. वाटेत एक गाव लागलं. त्याच्या चावडीपुढून जाताना उस्ताद मागं न बघता म्हणाले, "हे माझं गाव. हितनं माझा बाप पायताणं हातात घिऊन जायचा." त्यांनी वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. छप्पन सालानंतर त्यांचं घर बौद्ध झालं होतं, बाप त्याआधीच वारला होता, एवढं मला ठाऊक होतं. ते कधी याविषयी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाहीत.

बेंबळीला पोचलो तेव्हा एसटीवाली मंडळी आमच्या आधीच आलेली. अंगणात नामदेव मान खाली घालून बसलेला. मुलगी दाराशी उभी होती. सुमन तिचं नाव. उंच, हडकुळी, खडीच्या कामानं हाताला फडकी बांधलेली.

उस्ताद तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, गाडी माझी हाय. कोट पण माझा. त्या फोटोत पोराचं म्हणावं असं फक्त तोंड हाय. हे म्या आधी सांगायला पायजे हुतं. आता तुमी काय म्हणाल ते."

"मला ठावं हुतं की," सुमन म्हणाली.

बाप उठून उभा राहिला. "काय ठावं हुतं?"

"माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याचा फोटो ह्याच गाडीवर हाय. पाटलाच्या सुनंच्या भावाचा बी ह्याच गाडीवर. कोट पण त्योच. एवढ्या सगळ्यांची एकच गाडी कशी आसंल?"

"मग हो कशापायी म्हणलीस?"

ती नामदेवाकडं न बघता म्हणाली, "बाकीचे लई ऐटीत बसल्यात, बापाची गाडी असल्यावानी. ह्यो एकटाच घाबरून बसलाय. जणू कुणी येऊन आत्ता उठीवणार हाय. म्हणलं, दुसऱ्याच्या गाडीवर बसायला ज्याला एवढा घोर लागतोय, त्यो मला फसवायचा न्हाय."

नामदेवाच्या तोंडातून हुंदका आला की हसू, ते मला अजून सांगता येणार नाही. पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं, अगदी साधं, आणि ते चांगले नांदले. सुमननं पुढं गावात बायकांची दूध सोसायटी काढली, ती तिनं पुष्कळ वर्षं चालवली.

त्या दिवशी आम्हाला बिनदुधाचा गुळाचा चहा मिळाला. निघताना सुमन बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेली. पोच्यापाशी थांबली. "फोटोत लई थोर दिसती," म्हणाली. "बारकीच हाय की." उस्ताद एवढे हसले, की त्यांना गाडीला टेकावं लागलं. त्यांना तसं हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

येताना धाराशिवच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं. रस्त्याकडेला बाया ओळीनं बसून खडी फोडत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेल्या, कोण कुठली ते ओळखू येऊ नये इतक्या. गाडीचा आवाज ऐकून हातोडे थांबले. उस्तादांनी वेग कमी केला, अजून कमी केला, आणि मग गाडी थांबवलीच.

"मागं इंजिन ऊन झालंय तिचं," मला म्हणाले. पण ते इंजिनकडं बघत नव्हते.

एक बाई उठून जवळ आली. मग दुसरी. "हीच का ती फोटोतली गाडी?" कुणीतरी विचारलं.

"हौ," उस्ताद म्हणाले. "बसायचं का?"

त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. पहिली बाई हात लुगड्याला पुसून पुढच्या सीटवर बसली. उस्ताद चार पावलं मागं सरकले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पाठ सरळ. हनुवटी. हां. आता समोर बघा. हलू नका." कॅमेरा ढोकीत होता. ते नुसतेच हात मागं बांधून उभे राहिले, फोटोला लागेल तेवढा वेळ तिच्याकडं बघत, आणि म्हणाले, "झालं. आता दुसऱ्या."

ओळ लागली. मुकादम ओरडत आला, "काम कोण करणार? हजेरी कापू का?" उस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टोपी जरा सरळ करा. तुमी पण बसा." मुकादमानं टोपी सरळ केली आणि बसला. बाया खिदळायला लागल्या. तो उतरल्यावर परत ओरडला नाही.

मला राहवेना. मी हळूच म्हणालो, "उस्ताद, कॅमेराच नाही. यांना फोटो कुठला देणार?"

"फोटोसाठी कोण बसतंय?" ते म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले.

सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. तिला दोघींनी हाताला धरून बसवलं. तिनं हँडल धरलं, पाठ आपणहून सरळ केली, आणि समोरच्या मोकळ्या रस्त्याकडं डोळे बारीक करून बघू लागली. वेळ झाला तरी उस्ताद 'झालं' म्हणेनात.

"कुठं जाती रं ही?" म्हातारीनं विचारलं.

"तुमी म्हणाल तिकडं, मावशी."

म्हातारीनं जरा विचार केला.

"मग हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "थोडा येळ."